बेरोजगार तरुण आणि 'तिन्हींबाहेरचे' तरुण

तरुणांविषयीच्या अहवालांत दोन टक्केवाऱ्या वरचेवर भेटतात आणि बरेचदा एकीच्या जागी दुसरी खपून जाते. पहिली म्हणजे बेरोजगारीचा दर. दुसरी म्हणजे शिक्षण, रोजगार आणि प्रशिक्षण या तिन्हींपैकी कशातही नसलेल्या तरुणांचे प्रमाण. दुसरीच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार 'नीट' असा होतो, पण आपल्याकडे तो शब्द वैद्यकीय प्रवेश परीक्षेने अडवून ठेवला असल्याने इथे मी त्यांना 'तिन्हींबाहेरचे तरुण' म्हणतो.

गोंधळाचे मूळ छेदात आहे. बेरोजगारीचा दर काढताना छेदस्थानी फक्त श्रमशक्ती असते, म्हणजे जे काम करतात आणि जे काम शोधत आहेत किंवा मिळाल्यास करायला तयार आहेत, तेवढेच. दुसऱ्या प्रमाणाच्या छेदस्थानी मात्र त्या वयोगटातले सगळे येतात. समजा, एका गावात १०० तरुण आहेत. ४० जण कामावर, १० कामाच्या शोधात, २५ शिकत असलेले आणि २५ घरी. बेरोजगारीचा दर ५० पैकी १०, म्हणजे २० टक्के. तिन्हींबाहेरच्यांचे प्रमाण मात्र ३५ टक्के. आता शोधणाऱ्यांपैकी पाच जणांनी कंटाळून कामाचा नादच सोडला, तर बेरोजगारी ४५ पैकी ५, म्हणजे सुमारे ११ टक्क्यांवर येते. गावात एकालाही नोकरी लागलेली नसताना दर जवळजवळ निम्म्यावर आला; ३५ चा आकडा जागचा हलला नाही.

ही दुसरी मोजणी ब्रिटनमध्ये रुजली. तिथे १९८८ मध्ये १६-१७ वर्षांच्या बहुतेक मुलांचा सरकारी भत्ता बंद झाला आणि ती बेरोजगारांच्या गणतीतूनच निसटली, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा वर्ग करावा लागला आणि १९९९ च्या एका सरकारी अहवालाने ती संज्ञा सर्वतोमुखी केली.

आपल्याकडचे उदाहरण पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत सापडेल. तिथे बसलेल्या तरुणाची पदवी झाली आहे, कुठल्या संस्थेत नाव नाही, समोर राज्यसेवेची पुस्तके आहेत. सर्वेक्षण करणाऱ्याच्या 'काम मिळाले तर कराल का?' या प्रश्नाला तो 'हो' म्हणाला, तर तो दोन्ही आकड्यांत मोजला जाईल. 'आत्ता नाही, पूर्वपरीक्षा तोंडावर आहे' म्हणाला, तर बेरोजगारांतून वगळला जाईल, पण तिन्हींबाहेर राहीलच.

खरी तफावत दिसते ती मुलींबाबत. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये १५ ते २९ वयोगटातील बेरोजगारीचा दर १०.२ टक्के होता आणि मुलगे व मुली यांच्यात एका टक्क्याच्या आसपासच अंतर होते. एवढेच वाचणाऱ्याला वाटेल की दोघांची अवस्था सारखीच आहे. पण आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने दिल्लीच्या मानव विकास संस्थेबरोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतविषयक अहवालात, २०२२ साली तिन्हींबाहेर असलेल्यांचे प्रमाण तरुणांत ९.८ टक्के आणि तरुणींत ४८.४ टक्के आहे. लग्न होऊन घरात अडकलेली मुलगी काम मागायला बाहेर पडत नाही, म्हणून बेरोजगारीच्या दरात ती दिसतच नाही.

तरी दुसरा आकडाही डोळे झाकून घेण्यासारखा नाही, असे माझे मत आहे. केंद्राच्या त्याच श्रमबल सर्वेक्षणात फक्त घरकाम करणाऱ्यांना ९२ हा संकेतांक मिळतो आणि घरकामासोबत सरपण, चारा गोळा करणाऱ्यांना किंवा घरापुरते शिवणकाम करणाऱ्यांना ९३. हे दोन्ही श्रमशक्तीबाहेर, त्यामुळे शिकत नसतील तर तिन्हींबाहेर. मात्र घरच्या दुकानात विनामोबदला मदत करणाऱ्याला २१ मिळतो आणि तो रोजगारात धरला जातो. म्हणजे एकाच घरातल्या दोन बहिणींपैकी बापाच्या किराणा दुकानात गिऱ्हाइकांना साखर तोलून देणारी थोरली कामावर असलेली ठरते, आणि सकाळी रानातून मोळी आणून दिवसभर भाकऱ्या थापणारी, आजारी आजीची उठबस करणारी धाकटी 'कशातही नसलेली' ठरते. रोख पैसा मात्र दोघींपैकी एकीच्याही हाती पडत नाही.