बक्कल आधी उलटं करून पाहा

जुनं जर्मन लष्करी बक्कल हाती आलं की आपली नजर आधी जाते ती मुकुटावर आणि अक्षरांवर. नकली माल करणाऱ्यानेही सगळी मेहनत तिथेच घेतलेली असते. म्हणून नव्या संग्राहकांना माझं पहिलं सांगणं असतं, की बक्कल उलटं करा. धातूने काय काय सोसलंय ते पाठीवर दिसतं.

पहिल्या महायुद्धाआधीच्या प्रशियन शिपायाचं बक्कल घेऊ. १८४७ पासून रुळलेली घडण अशी: पितळी पत्र्याचा चौकोन आणि त्यावर मधोमध जोडलेली निकेल-सिल्व्हरची गोल चकती. चकतीवर राजमुकुट आणि ‘गॉट मिट उन्स’, म्हणजे ‘देव आमच्यासोबत’. जर्मन साम्राज्य एकच होतं, पण प्रशियासारख्या घटक राज्यांची ब्रीदं निराळी. बव्हेरियाचं ‘इन ट्रॉये फेस्ट’ (निष्ठेत अढळ), तर सॅक्सनीचं चक्क लॅटिनमध्ये. मुकुट एका राज्याचा आणि ब्रीद दुसऱ्याचं असेल, तर पुढे तपासायची गरजच उरत नाही.

निकेल-सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा हा मिश्रधातू. तो आरपार पांढुरका असल्यामुळे अस्सल चकती कितीही झिजली तरी पांढुरकीच राहते. स्वस्त नकलेत सगळं बक्कल एकसंध असतं आणि चकतीवर फक्त मुलामा दिलेला असतो. मुकुटाच्या टोकाशी तो घासला गेला की खालचा पिवळा रंग डोकावतो.

आता पाठ पाहू. अस्सल बक्कलाची नक्षी पोलादी ठशांमध्ये पत्रा दाबून उठवलेली असते. त्यामुळे पुढचा उठाव मागे खळग्याच्या रूपात, जरा मऊ कडांनी दिसतो. साच्यात ओतलेल्या नकलेची पाठ बहुधा सपाट किंवा रवाळ असते. भिंगाखाली हवेच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रं दिसतात. अस्सल बक्कलावरूनच साचा घेतलेला असला तरी चोरी पकडता येते. ओतीव पितळ थंड होताना साधारण दीड ते दोन टक्के आकसतं. साठ मिलिमीटरच्या लांबीत हा फरक एक मिलिमीटरच्या आसपास जातो, आणि साधा व्हर्नियर कॅलिपर तो दाखवतो. मापाला मात्र खात्रीचा अस्सल नमुना शेजारी हवा.

कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. आंबटाने तांबं सुटतं आणि त्याचे क्षार तयार होतात. बक्कलाच्या पाठीवरही तेच घडतं. चामड्याला लावलेल्या तेल-चरबीतली आम्लं तांब्याशी संयोग पावतात आणि मेणासारखा हिरवा थर धरतो. तो नेमका कुठे आहे ते पाहा. पट्टा जिथे टेकत होता तिथे, पट्टा अडकवायच्या आकड्याच्या बेचक्यात, सांध्यात असेल तर त्यात अर्थ आहे. सगळीकडे सारखाच हिरवा रंग दिसला, तर रसायनात बुडवून काढल्याची शंका घ्यावी. झिजेचंही तसंच. वापराने उंचवटे झिजतात, खळगे नाही.

मला सर्वांत जास्त ओढ वाटते ती १९१५ च्या बक्कलाची. ब्रिटिश नौदलाच्या नाकेबंदीने जर्मनीत बाहेरून येणारं तांबं आटलं, आणि तोफगोळ्यांना पितळ हवं होतं. पुढे चर्चच्या घंटासुद्धा वितळवल्या गेल्या. शिपायाच्या कमरेवरचं पितळ गेलं आणि एकसंध पोलादी पत्र्याचं, करड्या रंगाचं बक्कल आलं. त्याची वेगळी चकतीही गेली. ही टंचाई लक्षात ठेवली की साधं लोहचुंबकसुद्धा इतिहासाचा प्रश्न विचारू लागतं. १९१५ चं म्हणून दाखवलेलं करडं बक्कल चुंबकाला चिकटत नसेल, तर विक्रेत्याला खुलासा मागायला हवा. गंजही वाचता येतो. जुना गंज गडद तपकिरी आणि घट्ट असतो, रंगाखाली कडेकडेने शिरून पापुद्रे उचलतो. बोटाला लागणारा नारिंगी भुगा ताजा असतो, आणि मीठ-आम्लाने तो थोड्या दिवसांत आणता येतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या बक्कलांतही पुन्हा तीच वाट दिसते: आधी ॲल्युमिनियम, नंतर पोलाद. त्यातल्या अनेकांना मागे चामड्याची जीभ असते आणि तिच्यावर कारखान्याचं नाव व साल दाबलेलं असतं. तिची शिवण अतिनील दिव्याखाली धरावी. दोरा निळसर-पांढरा झगमगला तर त्यात चकाकी आणणारी रसायनं आहेत, आणि ती युद्धानंतर सर्रास झाली. एवढ्यावरून बक्कलच खोटं ठरत नाही, जीभ मागाहून बसवलेली असू शकते.

शंका उरलीच तर पितळी बक्कल हवेत आणि मग पाण्यात टांगून वजन करावं. हवेतल्या वजनाला पाण्यात घटलेल्या वजनाने भागलं की धातू पाण्याच्या किती पट जड आहे ते कळतं. पितळ पाण्याच्या सुमारे साडेआठ पट जड. नकलांत वापरला जाणारा जस्ताचा ओतीव मिश्रधातू सात पटींच्याही आत राहतो. चामडं लागलेलं किंवा पोलादी बक्कल मात्र पाण्यात घालू नये. आणि चिंच लावून लख्ख तर कुठलंच करू नये. खळग्यातला काळपटपणा आणि सांध्यातला हिरवा थर एकदा घासून गेला, की तपासायला उरतं ते फक्त पितळ.