पाच लिटरचं मशीन ‘संपत’ नाही: ऑक्सिजनचा सिलिंडर आणि कॉन्सन्ट्रेटर

“दादा, पाच लिटरचं मशीन किती दिवस पुरतं?”

तासगावहून आईसाठी ऑक्सिजनचं मशीन, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, बघायला आलेल्या एका मुलानं परवा मला हे विचारलं. मिरजेत दवाखान्यांची उपकरणं दुरुस्त करता करता हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की आता तो एकदाच नीट लिहून ठेवतो. मुलाची यात काही चूक नाही. त्यानं आयुष्यभर सिलिंडर पाहिला आणि सिलिंडर संपतो. घोळ सगळा ‘लिटर’ या एका शब्दात आहे.

सिलिंडर सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. वैद्यकीय ऑक्सिजनचा असेल तर अंग काळं आणि खांदा पांढरा. लहान तो बी टाइप, मोठा तो डी टाइप. चावीनं उघडायचा, मिनिटाला किती ऑक्सिजन सोडायचा ते ठरवणारा फ्लोमीटर लावायचा, संपला की भरून आणायचा. व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लावायचं नाही आणि त्या खोलीत देवापुढचा दिवासुद्धा नको. मशीनच्या खोलीलाही हाच नियम.

कॉन्सन्ट्रेटरमध्ये मात्र काहीच भरलेलं नसतं. आपण श्वास घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. मशीनमधला कॉम्प्रेसर ती हवा दाबून झिओलाइट नावाच्या खनिजाच्या बारीक गोळ्यांतून ढकलतो. गोळ्या नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. अशा गोळ्या भरलेल्या दोन नळ्या असतात. एक काम करते तोवर दुसरी धरलेला नायट्रोजन बाहेर सोडते. मशीन मध्येच ‘फुस्स’ करतं ते यामुळे. तो बिघाड नाही, त्यासाठी मला फोन करू नका.

आता लिटर. लहान सिलिंडरला ‘१० लिटरचा’ म्हणतात, कारण त्याच्या पोटात १० लिटर पाणी मावेल. त्या पोटात गॅस मात्र दीडशेपट दाबलेला, म्हणजे साधारण १५०० लिटर असतो. मशीनवरचे ५ लिटर हे मिनिटाला बाहेर येणारे लिटर. सिलिंडरचा आकडा साठ्याचा आणि मशीनचा आकडा वेगाचा. पंप बनवणाऱ्या किर्लोस्करवाडीचा जिल्हा आहे हा. इथं पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीत पाणी किती मावतं असं कुणी विचारत नाही. सिलिंडर ही टाकी आणि कॉन्सन्ट्रेटर ही मोटार, एवढं डोक्यात बसलं की पुढचे हिशेब आपोआप सुटतात.

हिशेब करून बघू. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या आजीला सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट आजार, आहे आणि डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन लिहून दिला आहे: मिनिटाला २ लिटर, रोज किमान १५ तास. म्हणजे दिवसाला १८०० लिटर. लहान सिलिंडर साडेबारा तासांत रिकामा होणार, म्हणजे रोज एकाहून जास्त लागणार. ७००० लिटरचा मोठा सिलिंडर चार दिवसही धड पुरत नाही, महिन्याला आठ लागतात. जतच्या पलीकडच्या गावातून आठ वेळा टेम्पो करून ते भरून आणायचे म्हणजे गॅसपेक्षा भाड्याचाच खर्च जास्त. त्याऐवजी ३५० वॉटचं मशीन १५ तास चाललं तर दिवसाला सव्वापाच युनिट, महिन्याला दीडशेच्या थोडं वर. हे युनिटही फुकट नाहीत. जे घर १०० युनिटांच्या आत असतं ते वरच्या टप्प्यात जातं आणि बिल टोचतं. तरी रोजच्या, महिनोन्महिने लागणाऱ्या ऑक्सिजनला मशीनच परवडतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शुद्धतेवरून लोक उगीच घाबरतात. सिलिंडरमध्ये ९९ टक्के आणि मशीनमधून ९३च्या आसपास, घरच्या रुग्णाला या फरकानं काही होत नाही. कोरोनात डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेनं तेजस विमानाच्या वैमानिकासाठी केलेल्या तंत्रावरून मिनिटाला १००० लिटरचे प्लांट दवाखान्यांसाठी तयार केले. त्यांचं तत्त्व हेच आणि ऑक्सिजनही असाच.

घाबरायचं ते वेगळ्याच गोष्टीला. ऑनलाइन ‘१ ते ७ लिटर’ लिहिलेली स्वस्त मशीन मिळतात. बारीक अक्षरात असतं: १ लिटरला ९० टक्के, ७ लिटरला ३० टक्के. गोळ्या तेवढ्याच आहेत, त्या मिनिटाला ठरावीक नायट्रोजनच धरू शकतात. जास्त ओढलं की उरलेली साधी हवा तशीच पुढे येते. १ लिटरला साध्या हवेपेक्षा ०.६९ लिटर जास्त ऑक्सिजन मिळतो. बटण ७ वर नेलं की मिळतो ०.६३ लिटर. आजीला धाप लागली म्हणून घरचे बटण फिरवत राहतात, नाकात वारा जोरात येतो, सगळ्यांना बरं वाटतं आणि ऑक्सिजन काडीचाही वाढलेला नसतो. अशी मशीन मी उघडून पाहिली आहेत आणि ती विकणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. पाच लिटरचं मशीन म्हणजे पूर्ण पाच लिटरला ९० टक्क्यांच्या वर देणारं. विकत घेताना कॉन्सन्ट्रेशन मोजणाऱ्या मीटरवर, पाचवर ठेवून, दहा-पंधरा मिनिटं चालवून दाखवा म्हणा. दाखवत नसेल तर दुकानातून बाहेर पडा. टक्केवारी ८२च्या खाली गेल्यावर वाजणारा अलार्मही असायला हवा.

उलट्या बाजूचा इशाराही देतो: बटण डॉक्टरांनी सांगितलं तिथंच ठेवा. सीओपीडीच्या बऱ्याच रुग्णांत बोटावरचा ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्के दाखवत असेल तर तेच हवं असतं. ९८ करायच्या नादात जास्त ऑक्सिजन दिला तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि रुग्ण गुंगीत जातो.

मशीन कुठलं घ्यावं? माझं मत ठाम आहे: आपल्याकडे बनलेलं. लेबलवर परवाना बघा. एमडी-५ किंवा एमडी-९ असेल तर उत्पादनाचा, एमडी-१५ असेल तर आयातीचा. भारतीय कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असून परवाना आयातीचा, असंही असतं. यात देशाभिमानापेक्षा गोळ्यांचा प्रश्न मोठा आहे. झिओलाइटला ओल सोसत नाही. आपल्या पावसाळ्यात, स्वयंपाकघराच्या भिंतीला लावून, फिल्टर न धुता वापरलेलं मशीन लवकर दमतं. नळ्या बदलल्या की पुन्हा चालतं, पण त्या मिळाल्या पाहिजेत. २०२१ मध्ये बाहेरून आलेली कितीतरी मशीन माझ्याकडे फक्त सुट्या भागांवाचून पडून आहेत. त्यांच्यासाठी लोकांनी दागिने मोडले होते. त्या वेळी विक्रीच्या साखळीतला नफा १९८ टक्क्यांपर्यंत गेल्याचं सरकारलाच आढळलं, म्हणून जून २०२१ मध्ये त्यावर ७० टक्क्यांची मर्यादा आली. किमतीला अशी मर्यादा घालता येते, पण पार्ट इथं बनत असेल तरच तो मिळतो.

आणि मशीन घेतलं म्हणून सिलिंडर परत करून टाकू नका. मोटार विजेवर चालते. दीडशे एएचच्या बॅटरीचा घरगुती इन्व्हर्टर तीन-चार तास ओढेल, पुढे काय? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या कितीतरी भागांत दिवसेंदिवस वीज नव्हती. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांच्या इशाऱ्याला लागलं, की लहान सिलिंडर भरलेला आहे का ते बघा आणि काट्याचा आकडा वाचा. काट्यावरचा दाब (बारमध्ये) गुणिले सिलिंडरच्या पोटाचे १० लिटर, म्हणजे उरलेले लिटर. काटा ५० वर असेल तर ५०० लिटर. आजीच्या २ लिटरला ते चार तास पुरतील. तेवढ्या वेळात तिला घेऊन उंचावर, वीज असलेल्या ठिकाणी पोहोचायचं.