एलईडी घेण्याआधी शेड पाहा

बंद काचेच्या गोळ्यातला जुना बल्ब काढून तिथे एलईडी लावला, आणि वर्षानुवर्षे टिकेल म्हणून घेतलेला दिवा लवकरच लुकलुकू लागला, हा अनुभव पुष्कळांना येतो. दोष दर वेळी दिव्याचा नसतो. तो कुठे लावला, हेही पाहायला हवं.

जुन्या बल्बमधली टंगस्टनची तार सुमारे २,५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, तेव्हा कुठे उजेड पडतो. विजेतला जेमतेम ५ टक्के भाग प्रकाश होतो, बाकीची बहुतेक ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर पडते. एलईडीत निळा प्रकाश देणारी चिप असते. तिच्यावरचा पिवळा फॉस्फर त्यातल्या काही प्रकाशाचा रंग बदलतो आणि आपल्याला पांढरा उजेड दिसतो. इथे उष्णता खूपच कमी, पण ती किरणांवाटे निघून जात नाही. दिव्याच्या बुडातून भोवतालच्या हवेतच जावी लागते. हवा कोंडलेली असेल तर बुडातला ड्रायव्हर, म्हणजे चिपला हवी तशी वीज पुरवणारं सर्किट, शिजत राहतो. त्यातल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं, म्हणजे वीज साठवणाऱ्या सुट्या भागाचं, आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. म्हणून बंद शेडसाठी, तसा वापर चालेल असं खोक्यावर लिहिलेलाच दिवा घ्यावा.

उजेड मोजायचा तो ल्युमेनमध्ये. ६० वॉटच्या जुन्या बल्बइतका, म्हणजे सुमारे ८०० ल्युमेन उजेड एलईडी ८-९ वॉटमध्ये देतो. शेडवर ‘कमाल ४० वॉट’ असेल, तर त्या मर्यादेशी ताडायचे ते हे ९ वॉट, खोक्यावरचं ‘६० वॉटइतका प्रकाश’ नव्हे.

प्रकाशाच्या दिशेकडे मात्र सहसा कुणी पाहत नाही. अर्धा भाग अपारदर्शक प्लास्टिकचा असलेला दिवा उजेड मुख्यतः पुढे टाकतो. टेबललॅम्पमध्ये तो उभा बसवला, की छत उजळतं आणि पुस्तकावर अंधार राहतो. तिथे फिलामेंटसारख्या पट्ट्यांचा एलईडी चांगला, त्याचा उजेड चहूबाजूंनी पसरतो.

रंग आवडीचा भाग आहे: २,७०० केल्विनला पिवळसर, ६,५०० ला निळसर पांढरा. होल्डर पिनांचा आहे की आट्यांचा, तेवढं पाहून घ्यावं. भिंतीवर उजेड कमी-जास्त करणारा डिमर असेल, तर ‘डिमेबल’ लिहिलेलाच दिवा हवा. बरेच डिमर विजेच्या प्रत्येक लहरीचा काही भाग कापतात, आणि साध्या ड्रायव्हरला तो तुटक पुरवठा झेपत नाही.