शिबिराच्या अहवालातला ०.६

सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगार बायकांसाठी रक्तक्षयाचं शिबिर घ्यायचं म्हटलं की पद्धत ठरलेली. बायका विड्या द्यायला येतात तिथंच टेबल मांडायचं, बोट टोचून हिमोग्लोबिन बघायचं, १० च्या खाली भरणाऱ्या बायका निवडून त्यांना लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. सरासरी ९.० ची ९.६ झाली की अहवाल तयार. पण एकीनंही गोळी गिळली नसती, तरी ही वाढ दिसू शकली असती!

प्रश्न खोटा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. घोटाळा आहे तो मोजणीत. बोटाच्या एका थेंबाचा आकडा रोज तोच येत नाही. रक्त येईना म्हणून बोट पिळलं की पेशींभोवतालचं पाणी थेंबात मिसळतं आणि आकडा उतरतो. म्हणजे १० च्या खालच्या यादीत दोन प्रकारच्या बायका असतात: खरोखर कमी असलेल्या आणि त्या दिवशी कमी भरलेल्या. दुसऱ्या प्रकारच्या बायकांचा आकडा पुढच्या वेळी आपोआप चढतो. उलट, चुकून जास्त भरलेल्या यादीत नसतातच, त्यामुळे त्यांची घसरण कुठं दिसत नाही.

समजा, सगळ्या बायकांची सरासरी ११ आहे आणि दोन तपासण्यांमधला सहसंबंध, म्हणजे दोन्ही वेळचे आकडे किती जुळून चालतात याचं माप, ०.७; तेव्हा पहिल्या वेळच्या तुटीचा सरासरी ०.७ भागच पुढच्या वेळी उरतो. निवडलेल्यांची सरासरी ९, म्हणजे तूट २ ची. पुढच्या वेळी अपेक्षित तूट २ × ०.७ = १.४. अकरातून वजा करा: ९.६. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत हेच 'सरासरीकडे परतणं' मांडलं होतं. गुडघा फार ठणकला की माणूस बाबाकडे जातो, आठवड्यानं ठणका उतरतो आणि श्रेय अंगाऱ्याला मिळतं, त्यामागंही बहुतेक वेळा हेच गणित.

उपाय स्वस्त आहे. पहिली तपासणी फक्त निवडीसाठी. आठवड्यानं, गोळ्या सुरू करण्याआधी, दुसरी करायची आणि 'आधीचा आकडा' म्हणून तीच धरायची. या वेळी १० च्या वर गेलेल्या बायकांना हिशेबातून गाळायचा मोह होतो. गाळलं की मूळ दोष परत आत आला.

ऋतू, आहार यांचा परिणाम मात्र यानं सुटत नाही. त्यासाठी वस्त्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या: निम्म्या वस्त्यांना गोळ्या आत्ता, उरलेल्यांना तीन महिन्यांनी. ८ च्या खालच्या बाईला थांबवायचं नाही, थेट दवाखान्यात पाठवायचं आणि दोन्ही गटांच्या हिशेबातून वगळायचं. मळमळ, बद्धकोष्ठ यांमुळे गोळ्या सोडलेल्या बायका शेवटच्या तपासणीला सहसा फिरकत नाहीत. त्यांच्या घरी जाऊन मोजावं लागतं. यंत्र तेच हवं, पहिला थेंब पुसलेला हवा, आणि मोजणाऱ्याला समोरची बाई कुठल्या गटातली हे ठाऊक नसावं.