नाताळ, संक्रांत आणि हुकलेलं उत्तरायण

डिसेंबर निम्मा झाला की गोव्याच्या बाजारांत कागदी नक्षत्रं, म्हणजे चांदणीच्या आकाराचे कंदील, लटकू लागतात. हौशी पोरं विकतचं घेत नाहीत. बांबूच्या कामट्या तासून, दोऱ्याने बांधून, पतंगाचा कागद चिकटवून घरीच करतात. महिना उलटतो न उलटतो तोच त्याच बाजारात तीळ, गूळ आणि हळदीकुंकवाच्या वाणाची झुंबड उडते. नाताळ आणि संक्रांत या दोन्ही तारखांच्या मागे सूर्याचं एकच वळण आहे: सर्वांत लहान दिवस संपून सूर्य उत्तरेकडे सरकू लागतो ते. हे वळण येतं २१ किंवा २२ डिसेंबरला. म्हणजे एक सण चार दिवस उशिरा आणि दुसरा तब्बल चोवीस दिवस!

हे वळण अंगणात बघता येतं. एक मीटर उंचीची काठी सरळ उभी करा. २१ डिसेंबरला पणजीत सूर्य दुपारी १२ वाजून ३३ मिनिटांच्या सुमारास माथ्यावरच्या रेषेत येतो, तेव्हा काठीची सावली साधारण ८१ सेंटीमीटर भरते. वर्षातली ही सर्वांत लांब माध्यान्ह सावली. गंमत म्हणजे आधीचे-नंतरचे दोन-तीन दिवस ती जवळजवळ हलतच नाही. २५ तारखेला ती जेमतेम दोन मिलिमीटर आखडलेली असते, १४ जानेवारीला सहा सेंटीमीटर.

नाताळचे चार दिवस गेले कुठे, याचं उत्तर रोमन कॅलेंडरात आहे. ज्युलियस सीझरने इसवीसनपूर्व ४५ मध्ये नवं कॅलेंडर लागू केलं, तेव्हा रोमन परंपरेत हे वळण २५ डिसेंबरला धरत. येशूचा जन्मदिवस म्हणून त्या तारखेचा जुना उल्लेख सापडतो तो इसवीसन ३३६ च्या रोममधला. तारीख सूर्याच्या उत्सवावरून घेतली, की येशूच्या गर्भधारणेचा मानलेल्या २५ मार्चपासून नऊ महिने मोजून काढली, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. पण सीझरचं वर्ष खऱ्या ऋतुवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठं होतं आणि ११ मिनिटं साठत गेली की १२८ वर्षांत एक दिवस होतो. चौदाव्या शतकात हे वळण घसरत १३ डिसेंबरवर आलं होतं. स्वीडनमध्ये संत लुसियाचा दिवस १३ डिसेंबरचाच. मुली डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालून निघतात, आणि लुसियाची रात्र वर्षातली सर्वांत लांब, अशी तिथली जुनी समजूत. कॅलेंडर पुढे सुधारलं, पण समजूत जुन्या तारखेलाच चिकटून राहिली.

सुधारणा झाली १५८२ मध्ये. ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. तो बदल लगेच स्वीकारणाऱ्या देशांत पोर्तुगाल होता. या सुधारणेचा हिशेब तपासून पुढे तिची बाजू लढवणारा जेझुइट गणिती ख्रिस्तोफर क्लाव्हियस हाही पोर्तुगालमधल्या कोइंब्रा इथे शिकलेला. पण दुरुस्ती केली ती सीझरच्या काळापर्यंत नाही, इसवीसन ३२५ च्या ख्रिस्ती धर्मसभेपर्यंतच. मधले तीन-चार दिवस तसेच राहिले, म्हणून गोव्यातली नाताळची मध्यरात्रीची मिस्सा खऱ्या वळणानंतर होते.

संक्रांतीची गोष्ट वेगळी आणि जास्त खोल. तिथे कुणाचं गणित चुकलं नाही, मोजपट्टीच निराळी आहे. आपली पंचांगं सूर्याची जागा ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मोजतात. पृथ्वीचा अक्ष मात्र मंदावलेल्या भोवऱ्यासारखा डुलतो आणि सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी पुरी करतो. त्यामुळे ताऱ्यांनुसार मोजलेलं वर्ष ऋतुवर्षापेक्षा २० मिनिटांनी मोठं पडतं आणि संक्रांत साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. हे आपल्या लोकांना ठाऊक नव्हतं असंही नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत लिहून ठेवलं आहे की पूर्वी उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभी होत असे, आता मकरेच्या आरंभी होतं. त्याचं ‘आता’ मागे पडून दीड हजार वर्षं झाली.

स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, त्या दिवशी संक्रांत होती. हाच हिशेब आणखी मागे नेला तर १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास पडते. पानिपत झालं १४ जानेवारीला. मराठ्यांवर संक्रांत कोसळली खरी, पण पंचांगातली नव्हे.

आता एक शंका. सण इतके सरकले तरी कुणाला खटकलं कसं नाही? गोव्यापुरतं उत्तर सोपं आहे. आइसलँडमध्ये डिसेंबरअखेर दिवस जेमतेम चार तासांचा. तिथल्या गोष्टीत ग्रिला राक्षशिणीचे तेरा खोडकर पोरगे रोज रात्री एकेक करून डोंगरावरून उतरतात आणि नवे कपडे न मिळालेल्याला एक अजस्र मांजर खातं. अशा अंधारात सूर्य परततो की नाही ही धास्ती खरी असते. पणजीत सर्वांत लहान दिवसही सव्वाअकरा तासांना जरासाच कमी. शिवाय वर्तुळ सोडून लंबगोल कक्षेत फिरणारी, जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ येऊन वेगात धावणारी पृथ्वी आणि तिचा कललेला अक्ष मिळून घड्याळाचा घोळ घालतात. पणजीत सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरातच होऊन जातो, साधारण सहा वाजता. संक्रांतीला तो सहा-बावीसवर गेलेला असतो. सूर्योदय मात्र जानेवारीचा तिसरा आठवडा येईपर्यंत उशिरा-उशिराच होत जातो. ‘दिवस तिळातिळाने वाढतो’ हे संध्याकाळी पटतं, सकाळी नाही.

पौषातल्या चांदण्या रात्री मांडावर रंगणारे धालो, म्हणजे गोव्यातल्या बायकांची नाच-गाणी, या भानगडीत पडतच नाहीत. त्यांचा हिशेब चंद्राशी. नेमकी वेळ साधतात ते इराणी. त्यांचं सौर कॅलेंडर खऱ्या वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हापासून, सुरू होतं, म्हणून डाळिंबं आणि कलिंगडं खात जागवलेली यल्दाची, म्हणजे वर्षातली सर्वांत लांब, रात्र दरवर्षी हिवाळ्याच्या उंबरठ्यावरच येते.

आपल्याकडेही तशी सोय झालेली आहे. मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग लागू झालं. त्यात पौषाची पहिली तारीख २२ डिसेंबरला येते, म्हणजे उत्तरायणाला अगदी धरून. भारताच्या राजपत्रावर ही तारीख आजही छापून येते. तिळगूळ मात्र त्या दिवशी कुणी वाटत नाही.