केनियाच्या कॉफीत छोटा शेतकरी आला कुठून

भारी कॉफीच्या पाकिटावर आजकाल लिहिलेलं असतं बघा, केनिया, न्येरी, १८०० मीटर, वॉश्ड, स्मॉलहोल्डर. उंचीबद्दल आणि त्या वॉश्डबद्दल, म्हणजे साल काढून पाण्यात धुतलेल्या कॉफीबद्दल, सगळे भरभरून बोलतात, स्मॉलहोल्डर, म्हणजे छोटा शेतकरी, मात्र नुसता छापलेला असतो. पण कॉफी तिथे आली तेव्हा ती त्याच्यासाठी नव्हतीच.

शेजारी इथिओपिया, म्हणजे अरेबिका कॉफीचं माहेर, तरी केनियात कॉफी आली ती लांबचा फेरा मारून. येमेनमधून फ्रेंचांनी रियुनियन बेटावर नेलेलं बूर्बोन वाण १८९३ च्या सुमारास मिशनऱ्यांनी टाइटा टेकड्यांमधल्या बुराला लावलं, मग ते नैरोबीजवळच्या मिशनमध्ये पोचलं आणि तिथून बाहेरून येऊन वसलेल्या गोऱ्या, म्हणजे सेटलर लोकांनी किआम्बू, थिकाकडे मळेच्या मळे उभे केले. आपल्या म्हैसूरकडचं केंट वाणसुद्धा तिकडे गेलं, तांबेऱ्याला बऱ्यापैकी टिकतं म्हणून.

मळ्यात राबणारे तिथलेच किकुयू जमातीचे लोक, पण स्वतःच्या शेतात झाड लावायचं म्हटलं की ब्रिटिश सरकारची बंदी. कारण काय द्यायचे, तर रोग पसरेल, चोऱ्या होतील, क्वालिटी खराब होईल. खरं कारण सरळ होतं, माणूस स्वतःच्या कॉफीतून पैसे कमवायला लागला तर मळ्यावर कमी मजुरीत येणार कोण? तिकडे टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, किलिमांजारोच्या उतारावर चागा जमातीचे शेतकरी तेव्हा आरामात कॉफी पिकवत होते, १९२५ ला त्यांनी आपली संघटनाही काढली होती, म्हणजे क्वालिटीचं कारण किती खरं ते बघा. केनियात १९३० च्या दशकात किसी आणि मेरू भागात थोड्या लोकांना मोजकी झाडं लावायला परवानगी मिळाली, पण किआम्बू-न्येरीतल्या किकुयूंना नाही, कारण ते सेटलरांच्या अगदी बांधाला बांध लागून.

मग १९५२ ला माउ माउ या किकुयूंच्या ब्रिटिशांविरुद्धच्या बंडावरून आणीबाणी लागली, आणि जमीन हा त्या बंडाचा गाभाच होता. १९५४ ला सरकारचा स्विनर्टन प्लॅन आला, त्यात जमिनींचं एकत्रीकरण, पट्टे आणि आफ्रिकन शेतकऱ्याला नगदी पीक घ्यायची मोकळीक. हे काही प्रेमापोटी नव्हतं हं, हातात पीक आणि पैसा आला की लोक जंगलातल्या बंडखोरांच्या मागे जाणार नाहीत असा हिशोब होता, आणि हजारो लोक छावण्यांमध्ये कोंडलेले असताना जमिनीच्या वाटण्या झाल्या, त्यात सरकारच्या बाजूने उभे राहिलेल्यांचं बरोबर फावलं.

आता दोनशे-तीनशे झाडं असलेला माणूस पल्पर (साल काढायचं यंत्र), टाक्या, पाणी कुठून आणणार? म्हणून सहकारी सोसायट्या, आणि सोसायटीच्या वॉशिंग स्टेशनला तिथे चक्क फॅक्टरीच म्हणतात. आपल्याकडच्या माणसाला समजवायचं तर साखर कारखाना डोळ्यासमोर आणा, सभासदाने माल घालायचा, वजन करायचं, पैसे नंतर कधीतरी, आणि संचालक मंडळाचं राजकारण त्यात आलंच. सकाळी तोडलेली लाल फळं त्याच दिवशी फॅक्टरीवर आली पाहिजेत, तिथे ज्याची त्याने निवडून हिरवी-काळी बाजूला काढायची, मग साल काढायचं, बी टाकीत आंबत ठेवायची, चिकट थर सुटला की वाहत्या पाण्याच्या पाटातून धुवायची, त्यात वजनदार दाणा मागे राहतो आणि हलका पुढे वाहून जातो, परत स्वच्छ पाण्यात भिजवायची आणि मग उंच माचांवर पसरून वाळवायची. चव स्वच्छ लागते ती इतक्या हातांमुळे.

वाणाचाही भाग आहेच. नैरोबीजवळ कबेटेच्या स्कॉट लॅबोरेटरीज या शेती संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात एसएल-२८ आणि एसएल-३४ निवडले गेले, त्यातलं २८ दुष्काळात तग धरणाऱ्या टांगानिकातल्या झाडापासून. त्या चवीला बाहेरचे लोक ब्लॅककरंट म्हणतात, मला विचाराल तर पिकलेलं करवंद. पण फळाच्या रोगाला ही वाणं लगेच बळी पडतात, १९६८ ला मोठी साथ आली, त्यातून रोगाला टिकणारी वाणं काढली, १९८५ ला रुइरू-११ आणि २०१० ला बटियान.

१९७५ ला ब्राझीलमध्ये कडाक्याच्या थंडीत दंव गोठून झाडं करपली आणि जगात भाव भडकले तेव्हा केनियाची चांदी झाली. १९८९ च्या जुलैत कोणत्या देशाने किती कॉफी विकायची ते ठरवणारा आंतरराष्ट्रीय कोटा करार कोसळला आणि भाव निम्म्याच्या आसपास आले. ८० च्या दशकाच्या शेवटी सव्वा लाख टनांच्या पुढे गेलेलं केनियाचं उत्पादन आता ४०-५० हजार टनांवर आहे. नैरोबीच्या लिलावात दर चांगला निघाला तरी सोसायटी, मिल, एजंट असे सगळे कापून घरी काय येतं ते शेतकऱ्यालाच ठाऊक. आणि ज्यांच्या बापजाद्यांना झाड लावायला बंदी होती त्यांना कायद्याने परवानगीशिवाय झाड उपटायला बंदी आली, मग लोकांनी काय केलं, तर झाडं तशीच ठेवली, खत बंद केलं आणि ओळींमध्ये मका नि घेवडा पेरला. घरात प्यायला अर्थातच चाय, दुधाची, आणि तिकडेही म्हणतात चायच.