पिक अप

इंग्रजीतील रोजच्या वापरातले एक फ्रेजल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला छोटा शब्द जोडून झालेले क्रियापद. नुसत्या 'पिक'चा अर्थ निवडणे, तोडणे किंवा वेचणे. त्याला 'अप' जोडले की खाली पडलेली वस्तू हाताने वर घेणे हा शब्दशः अर्थ मिळतो. फुले तोडायला 'पिक' पुरते, पण जमिनीवरची किल्ली घ्यायला 'अप' लागतेच.

लाक्षणिक अर्थ कोशात पुष्कळ दिलेले असतात. कोल्हापूरच्या माणसाला त्यातले निम्मे पाठ करावे लागत नाहीत, कारण आपले 'उचलणे' त्याच वाटेने गेले आहे. फोन उचलतात, पोलीस संशयिताला उचलतात, मूल शेजाऱ्याची लकब उचलते, जेवणाचा खर्च कोणीतरी एकजण उचलतो; या सगळ्या ठिकाणी 'पिक अप' चालते. ऊसतोड मजुरांची 'उचल' मात्र यात बसत नाही, तो 'ॲडव्हान्स'. सर्दी लागणे, रेडिओने स्टेशन पकडणे, पाहुण्यांना सीबीएसवरून (मध्यवर्ती बस स्थानकावरून) गाडीत घेणे यांनाही इंग्रजीत 'पिक अप'च. मराठीत दर वेळी क्रियापद बदलते. कोल्हापूरजवळच्या, सिंधी व्यापाऱ्यांच्या गांधीनगरातल्या कापड दुकानात काम करता करता एखाद्याला सिंधी बोलता येऊ लागते. शिकवणीशिवाय आलेल्या अशा भाषेसाठी 'लर्न'पेक्षा 'पिक अप' नेमके.

कर्म नसले तर अर्थ वाढीकडे झुकतो: वारा, वेग, धंदा 'पिक्स अप'. 'उचलणे' इथे अडते आणि 'उचल खाणे' कामाला येते, जसे गुळाच्या दराने उचल खाल्ली. गाडीपुरता तर आपण इंग्रजी शब्दच ठेवून घेतला. पन्हाळ्याच्या चढाला ड्रायव्हर म्हणतो, "गाडी पिकअपच घेईना की!" भाजी घेऊन मार्केट यार्डात येणारी छोटी मालगाडीही 'पिकअप'च. ही दोन्ही नामे. इंग्रजी उच्चारात नामाचा जोर 'पिक'वर असतो, क्रियापदाचा 'अप'वर.

'पिक अप द बॅग' आणि 'पिक द बॅग अप' दोन्ही बरोबर. सर्वनाम असेल तर ते मधेच येते: 'पिक इट अप'. 'पिक अप इट' चूक.

व्यक्तीबद्दल बोलताना जपावे. ओळखीच्या मैत्रिणीला रंकाळ्यावरून 'पिक अप' केले म्हणजे गाडीत घेतले. अनोळखी मुलीबद्दल तेच वाक्य लगट करून तिला पटवल्याचे सांगते.